सबमीटर

गोळीबार चौकातून आत, चौथी गल्ली,
निळं फाटक, कुत्रा भुंकतो पण चावत नाही.
हे कुठं लिहिलेलं नाही.
एकोणीस वर्षांत माझ्या डोक्यात साठलंय :
कोणाचा मीटर संडासामागे,
कोणाचा देव्हाऱ्याच्या वर,
कोणाच्या पेटीत दरवर्षी पाल अंडी घालते.
पुढच्या महिन्यापासून नवे मीटर
आपले आकडे आपणच कळवणार.
माणूस लागणार नाही म्हणे.

नवतप्याचा तिसरा दिवस.
डोक्याला दुपट्टा, खिशात कांदा,
रस्त्यावर फक्त मी आणि कूलरांचे आवाज.
आवाजावरून सांगतो कोणाच्या कूलरला पाणी आहे
आणि कोण पंप बंद ठेवून नुसता वारा खातंय.

हेडाऊंच्या जिन्याखाली दोन मीटर.
एक कंपनीचा, सीलबंद.
दुसरा रेवारामभाऊंनी बाजारातून आणलेला,
सुतळीनं बांधलेला,
वर भाड्यानं राहणाऱ्या मंदाकिनी गजभियेचा.
तो वाचणं माझं काम नाही.
पण भाऊंना मोतीबिंदू, म्हणून दर महिन्याला
मीच मोठ्यानं वाचतो,
आणि जिन्यावर ती वही घेऊन उभी असते.

फेब्रुवारीत छतावर सोलर आलं. आठ पॅनल.
एप्रिलचं बिल एकशे अडतीस रुपये.
भाऊंनी ते गल्लीत सगळ्यांना दाखवलं,
दूधवाल्यालासुद्धा.
सबमीटर मात्र तसाच धावतो, अकरा रुपये युनिट.
एकदा मी विषय काढला, तर म्हणाले,
"कर्ज काढलं ना बाप्पा. हप्ता काय सूर्य भरंल?"
तेही खोटं नाही. पॉवरलूम विकून
त्यांच्याकडं उरलंय ते हे छतच.

त्याच छतावर ती मूगवड्या घालायची,
रात्री ओली चादर अंथरून
पोरीला घेऊन झोपायची.
आता दाराला कुलूप, किल्ली खाली.
"छत गेलं," ती म्हणाली, "पण सावली तं आली.
खोली पहिल्यासारखी तापत नाही.
त्याचे पैसे भाऊ अजून लावून नाही राहिले."
आणि स्वतःच हसली, तोंडावर पदर घेऊन.

माझी बहीण सुरादेवीला राहते.
कोराडीच्या चिमण्या तिच्या अंगणातून मोजता येतात.
वाळत घातलेलं धुणं ती आत नेण्याआधी
दोनदा झटकते.
फोनवर मी सोलरचं सांगितलं, तर तिनं विचारलं,
"मग इकडची राख कमी होईल का?"
मी म्हटलं, विचारून सांगतो.
कोणाला विचारायचं ते अजून सुचलेलं नाही.

आज भाऊ खुर्ची टाकून बसलेले.
"वाच बे, शेवटचं."
मी म्हटलं, चष्मा विसरलो.
चष्मा खिशात होता, कांद्याशेजारी.
"ताई, तुम्हीच वाचा."
ती दोन पायऱ्या उतरली, वाकली,
चार हजार दोनशे सोळा.
आवाज पहिल्या आकड्याला जरा हलला, मग नाही.
मग मी तिला कंपनीच्या मीटरचं बटण दाखवलं.
एकदा दाबलं की घरानं घेतलेली वीज,
पुन्हा दाबलं की घरानं दिलेली.
तिनं दाबलं. पुन्हा दाबलं.
थांबून तिसऱ्यांदा दाबलं,
आणि वहीत एक नवा रकाना आखला,
पट्टी नव्हती म्हणून बांगडीच्या डबीच्या काठानं.

भाऊ तिच्या पेन्सिलीकडं बघत राहिले.
दिसत किती होतं, देव जाणे.
वर छतावर पॅनल तापून कडकड वाजले.
"कोणता आकडा लिहून राहिली ती?"
त्यांनी मला विचारलं.
मी म्हटलं, तिलाच विचारा.
पुढच्या महिन्यात मी नसणार.

बराच वेळ कोणी बोललं नाही.
मग भाऊ जिन्याकडं तोंड करून म्हणाले,
"मंदा, चहा ठेवतेस का तिघांचा?
...नाही, थांब.
खालीच ठेव. आमच्या गॅसवर."