ओळख न दाखवता

विश्रामबागेत चष्म्याच्या दुकानावर माझी खोली.
दोन खुर्च्या, मधे स्टूल, त्यावर टिश्यूचा डबा
नेहमी समोरच्याच्या बाजूला सरकवलेला.
मंगळवारी पाचला मगदूम येतात.
मार्केट यार्डात तीस वर्षं हळद तोलली,
तळव्यांच्या रेषा अजून पिवळ्या.
ते काय सांगतात ते इथं लिहिणार नाही.

पहिल्याच दिवशी मी म्हटलं होतं,
बाहेर भेटलो तर आपण होऊन ओळख दाखवणार नाही.
ते हसले. "मॅडम, सांगलीत हे जमायचं कसं?
इथं ओळख नाही दाखवली
तर माणसाला मेल्यागत वाटतं."

जमवलं. भाजीला, बँकेत, भडंगाच्या रांगेत.
फक्त एका लग्नात त्यांनी चुकून मान हलवली
आणि बायकोनं विचारलं, "ह्या कोण?"
"एलआयसीच्या," मगदूम म्हणाले.
मी पॉलिसीसारखा चेहरा करून
जिलेबी संपवली.

मार्चमध्ये पिशवी आणली,
नवी हळद, दोन किलो, घरी दळलेली.
मी नियम सांगितला.
"हळदीला कुणी नको म्हणतं होय?"
नाही म्हणत. माझ्याही घरात कुणी म्हटलं नसतं.
मी म्हटलं.
तो तास पिशवीवरच बोलण्यात गेला
आणि वास मात्र शनिवारपर्यंत राहिला खोलीत,
त्याला काही सांगता आलं नाही.

मग आई गेली.
तिसऱ्या दिवशी घाटावर, भावाच्या हातात मडकं,
आणि मी पायरीवर बसून
ज्या आवाजात रडू नये त्या आवाजात रडत होते.
वर पाहिलं तर मगदूम.
पायात फिरायला जायचे कॅनव्हासचे बूट.
त्यांनी पाहिलं. मी पाहिलं त्यांनी पाहिलेलं.
एक पाय पुढं आलाही होता त्यांचा.
मग ते आयर्विन पुलाकडं बघायला लागले,
कुणीतरी कमानी मोजायला सांगितल्यासारखे,
आणि काट्याशेजारी श्वास धरून उभं राहावं
तसे थोडा वेळ थांबून
वरच्या वाटेनं गेले.

दोन मंगळवार बंद ठेवले. तिसऱ्याला ते आले.
बसले. पिशवी नाही, विचारपूस नाही.
एका बोटानं टिश्यूचा डबा
स्टुलाच्या बरोबर मधे आणून ठेवला.

मी तो परत त्यांच्याकडं सरकवला.
"बोला" म्हणायला
जरा उशीर लागला मला.
तेवढा त्यांनी दिला.