हातचा एक

पहाटेचे तीन. पारा उणे अकरा.
सरोवरावरून आलेला बर्फ
कुणीतरी सगळ्या गावाला सारखा वाटलाय,
चर्चला जेवढा, तेवढाच टायरच्या दुकानाला.
मी ट्रकचं पातं खाली सोडतो
आणि काउंटी रोड नऊ सोलायला लागतो.
रेडिओवरचा माणूस आठवडाभर तेच सांगतोय:
सेंट ब्रेंडन, अकरापैकी अकरा.
पोर्ट हॅलोरन, अकरापैकी सहा,
त्यातलाही एक समोरच्यांची बस वाटेत बंद पडली म्हणून.

सांगू दे.
त्याची बेरीज बरोबरच आहे,
फक्त तो हातचा धरत नाही.

मंगळवारी त्यांच्या मैदानाखालचा पाइप फुटला,
म्हणून प्लेऑफचा सामना आमच्या दारात आला.
त्यांची पोरं गालिच्यावर वाढलेली;
आमचं मैदान उत्तरेच्या टोकाला चार बोटं उतरतं
हे फक्त आम्हाला ठाऊक, आणि पाण्याला.
डॅरिओच्या अंगठ्याची पट्टी काल निघाली.
माझ्या ट्रकचं चाक त्यानंच चढवलं,
मी नट बघितलेच नाहीत, अंगठा बघत बसलो.
आणि ऑगी वोयटास, अख्ख्या फ्रीजएवढा पोरगा,
गणितात नापास होता होता राहिला, म्हणून खेळतोय.
त्याची आई लोरेन आमच्या वायरलेसवर असते.
निकालाच्या दिवशी तिनं सगळ्या ट्रकांना एकदम कळवलं:
"सर्व गाड्यांनी नोंद घ्यावी, एकसष्ट. साठ लागतात."

नोरीन म्हणते, तू दर वर्षी हेच बोलतोस.
बोलतो.
एकोणनव्वद साली शेवटच्या सेकंदाची किक खांबावर आदळली,
तो टणत्कार अजून कानात आहे.
डॉक्टर म्हणतो, वयानं होतं तसं.
शहाणी माणसं म्हणतात,
हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये.
त्यांनी हा खेळ पाहिला नसणार:
नाव पायाचं, काम हाताचं,
आणि जन्म सगळा पळत्याच्या पाठी.

पाच वाजता वायरलेस खरखरला.
"वेंडेल, ब्रेंडनची बस नऊ नंबरनंच येणार.
टेकडीच्या वळणावर अजून मीठ पडलेलं नाही."
मग ती गप्प झाली.
मीही.
वळण समोर होतं, काचेसारखं, काळं, गुळगुळीत.
बस अडकली की सामना आमचा,
कुणाच्या केसालाही धक्का न लागता;
नुसता उशीर, नुसता एक कागद.
दांडीवर हात ठेवून मी थोडा वेळ बसून राहिलो.
थोडा म्हणजे, थर्मासमधली कॉफी निवेपर्यंत.

तो बसवाला विजय आम्ही जेवणाच्या टेबलावर कधी काढत नाही.
डॅरिओनं त्या दिवशी हेल्मेटसुद्धा घातलं नव्हतं.
आणि एकतीस वर्षं मी काउंटीचं मीठ खातोय,
म्हणजे खरं तर टाकतोय;
मिठाला जागायचं ते आणखी कसं?
वळणावर दोनदा फेरी मारली. एकदा उलटी.
या म्हटलं, अकराच्या अकरा घेऊन या,
जेवढे जास्त आणाल तेवढे इथं सांडतील.

परतताना मैदानाजवळ थांबलो.
रखवालदार ओटिस गुणफलक तपासत होता.
पाहुण्यांचा आकडा लख्ख.
आमच्या खान्यातली वरची दांडी जळलेली,
सात लावला तरी एक दिसतो.
"सामन्याआधी होणार नाही दुरुस्त," ओटिस म्हणाला,
आणि माझ्याकडे असा बघत राहिला
जसं काही हे मला कुणीतरी हळूच सांगायला हवं होतं.

पण ओटिस, मी म्हटलं,
म्हणजे एक दिसला की सात समजायचे!