मुद्रितशोधन

अप्पा बळवंत चौकामागच्या प्रेसमध्ये
एकतीस वर्षं मी दुसऱ्यांच्या चुका काढल्या.
‘आणि’मधला णि ऱ्हस्वच राहावा म्हणून
नामवंत लेखकांशी भांडलो.
मग एका मंगळवारी
पाकिटातून माझंच प्रूफ आलं :
तीन महिन्यांची साखर, सात पूर्णांक चार.
आकड्याखाली जाड रेघ.
हात परका, शाई ओळखीची.

डॉक्टर निसळबाई म्हणाल्या, गोळी देतेच,
पण दिवसभरात काय खाता ते लिहून आणा.
लिहिलं. सवयीनं सुवाच्य लिहिलं.
सहाला चहा, खारी. नऊला ओझांकडे चहा.
अकराला चहा, सोबत कुणाच्यातरी आनंदाचे पेढे.
दुपारी पोळ्या, वर शेव.
चारला पॅटिस. पाचला चहा. रात्री जे असेल ते, वर शेव.
त्यांनी कागद वाचून चष्मा काढला,
“यात भाजी कुठे छापायची राहिली?”

शेव हे विशेषण आहे,
हे मला त्या दिवशी जिन्यात उमगलं.
नाम नसलं की माणूस विशेषणं वाढवतो.

मंडईत अनुसया कामठे बसतात, फुरसुंगीच्या.
मी म्हटलं, सोपी भाजी द्या, एकटा आहे.
त्यांनी तांदुळजा दिला, मूठभर घोळ, आंबट चुका,
आणि निवडून द्या म्हटल्यावर पिशवी मागे ओढली.
“निवडायचं तुमचं तुम्ही.
धा मिंटं बसावं लागतं. तेवढ्यात भूक बी निवडून हुती.”
मी घरी पेपर पसरून बसलो.
कोवळं इकडे, जून देठ तिकडे.
अहो, हेच तर माझं काम!
लसूण, एक मिरची, चमचाभर तेल;
तांदुळज्यानं कढईत इतकं अंग चोरलं
की मला वाटलं, मजकूर गाळला गेला.

भाकरीचं सांगत नाही.
पहिली वेल्हे तालुक्याच्या नकाशासारखी झाली,
दुसरीला मधोमध खिंड.
नवव्या दिवशी एक फुगली,
तव्यावर एकटीच, टम्म,
आणि मी स्वयंपाकघरात टाळी वाजवली.
ऐकायला कुणी नव्हतं. बरंच झालं.

आमचा बाइंडर युनूस शेख
एक वाजता पेरू कापतो, मीठ लावतो,
ओंजळभर फुटाणे, तांब्याभर पाणी.
वीस वर्षं मी त्याला गरीब समजत होतो.
आता तो अर्धा पेरू माझ्याकडे सरकवतो,
काही बोलत नाही,
खळीचे हात मात्र आधी दोनदा धुतो.

टेबलावर माठ आणला. मालक हसले.
मी म्हटलं, पाणी म्हणजे समास.
पानाला कडेनं कोरी जागा नसेल
तर वाचणाऱ्याचा जीव घुसमटतो.
पाचच्या चहाच्या जागी ताक, जिरं घातलेलं.
दोन खाण्यांच्या मध्ये खूण केली : जागा सोडा.
तिसरी पोळी : पुनरुक्ती.
रात्री दहाचं फरसाण : कुणी घुसडलं हे? काढा.

सोपं नव्हतं, एवढंच सांगतो.
चतुर्थीला साबुदाण्याच्या वासानं
मी नारायण पेठेतला एक आख्खा बोळ चुकवला.
एकदा रात्री बाराला उठून
गुळाच्या ढेपेपुढे उभा राहिलो,
चोरासारखा, दिवा न लावता.
खडा तोडला. खाल्ला.
दुसऱ्या दिवशी वहीत नोंदही केली.

तीन महिन्यांनी दुसरं प्रूफ : सहा पूर्णांक सहा.
निसळबाईंनी रेघ मारली नाही.
मी मात्र ते घरी आणून पुन्हा दोनदा वाचलं,
पहिल्या वाचनावर माझा विश्वास नाही.

येताना ओझांनी हाक मारली,
“रुसलात का? कप तुमचा तसाच ठेवलाय.”
आलं, वेलदोडा, पितळी भांड्यातली ती उकळी.
रविवार होता.
अर्धा, म्हटलं. साखरेसकट.
तो मी उभ्यानं, हळूहळू प्यायलो,
आणि रात्री वहीत त्या ओळीखाली
टिंबं टिंबं देऊन
समासात लिहिलं :
असू द्या.