पंधरा शब्दांत

बर्नलीच्या वाचनालयात, वरच्या मजल्यावर
मंगळवारी साडेसहाला आम्ही जमतो.
सात वाजता हीटर बंद होतो, म्हणून
कोट कुणीच काढत नाही.

आजचा उतारा कालव्यावरचा.
कधी खणला, लांबी किती, कोळसा किती वाहिला,
आणि मधेच एका वाक्यात
एक घोडा पाण्यात पडतो,
त्याला वर काढायला अख्खी दुपार लागते.
मी विचारते, लेखकाला मुख्य काय सांगायचंय?
तेस्फालेम म्हणतो, घोडा.
हलीमो म्हणते, घोडा.
बोझेना उत्तर देत नाही,
ती वहीच्या समासात घोडाच काढत बसलीय.

मी फळ्यावर लिहिते: मुद्दा. तपशील.
दोहोंच्या मधे एक उभी रेघ.
मुद्दा म्हणजे छत्रीचा दांडा, मी सांगते,
तपशील म्हणजे काड्या,
एखादी मोडली तरी छत्री उघडते.
इथल्या वाऱ्यात नाही उघडत, टेरी ऑग्डन म्हणतो.

मनातल्या मनात मी याला सार म्हणते.
कोकमाचंही सारच.
गाळून झाल्यावर उरलेली आमसुलं फेकण्याआधी
आई त्यातलं एक तोंडात टाकायची,
बराच वेळ चघळत राहायची.
मथितार्थ हा शब्द तर यांना सांगताच येत नाही मला:
की अर्थ घुसळावा लागतो,
लोणी वर येईतो हात भरून येतात.
त्याऐवजी मी म्हणते,
पहिलं वाक्य बघा, शेवटचं बघा,
आणि पंधरा शब्दांत लिहा.
शिक्षकांच्या पुस्तकात तसंच दिलंय.

टेरी चाळीस वर्षं बसखाली उताणा पडून
गिअरबॉक्सचा आवाज वाचत आला.
कागद वाचायची ती मॉरीन.
ती गेल्यापासून टपाल ड्रॉवरमध्ये साठतंय.
आज त्यातलं एक त्यानं आणलंय.
कालवा पुरे, म्हणाला, याचा करतो सारांश.

दोन पानी पत्र, हॉस्पिटलचं.
नमनालाच घडाभर तेल:
गाडी कुठे लावावी, सुटे पैसे आणावेत,
दुभाषा हवा असल्यास कुठल्या नंबरवर कळवावं.
त्याचं बोट प्रत्येक ओळीखालून सरकत होतं,
नखात अजून ग्रीस, निवृत्त होऊन तीन वर्षं झाली तरी.
पहिल्या वाक्यात काही नव्हतं.
शेवटच्या वाक्यात आभार होते.
पान उलटल्यावर, चौथ्या परिच्छेदात
बोट थांबलं.
सावली आढळून आली आहे, असं होतं तिथे.
कुणाला आढळली, ते लिहिलं नव्हतं.

सावकाश होऊ दे, हे माझं नेहमीचं वाक्य
मी म्हटलं नाही.
हीटर टक् करून बंद झाला.

त्यानं पेन्सिल घेतली,
सुटी सुटी अक्षरं, प्रत्येक खिळा ठोकल्यासारखं:
फुप्फुसावर सावली आहे. सोमवारी बोलावलंय.
गाडी मागच्या बाजूला लावायची.

बोटांवर मोजले. नऊ, म्हणाला,
सहा शिल्लक.

शेवटचं वाक्य तपशील आहे, बोझेना म्हणाली,
मीच शिकवलेलं.
आणि माझा हात खरंच लाल पेनाकडे गेला होता.

राहू दे ते, हलीमो म्हणाली.
मागची बाजू मला ठाऊक आहे,
रात्री तिथल्याच फरश्या पुसते मी.
सोमवारी गाडी मी आणते.
किती वाजता, ते बघ कागदात.

टेरीनं पुन्हा पहिल्या ओळीवर बोट ठेवलं.
वेळ सापडेपर्यंत आम्ही चौघं गप्प बसलो,
मी समोरचा कालवा पुन्हा वाचला.
घोडा शेवटी निघाला होता.
त्याला कुणी काढलं
ते याही कागदात नव्हतं.