थांबे

अ‍ॅबरिस्टविथहून ट्रेगरनला जाणाऱ्या बसचा मी ड्रायव्हर,
गेथिन प्रोबर्ट. या रस्त्यावर थांबे सतरा.
माझे वेगळे होते, सहा:
पेट्रोल पंपामागचा संडास, ज्याची किल्ली
लाकडी डावाला बांधलेली;
चॅपेलचं मागचं दार, रविवार सोडून;
एक पब, पण अकरानंतर;
बाकीचे तीन सांगण्यासारखे नाहीत.
लोकांना इथं डोंगर दिसतात,
मला कड्या दिसायच्या, आतून लागणाऱ्या.

नऊ वर्षं.
रक्त तपासलं, कॅमेरा घातला, गहू बंद, दूध बंद,
कांदा बंद केला तेव्हा बायको म्हणाली,
आता रांधू तरी काय.
डॉक्टर म्हणाले, काहीच निघालं नाही!
मुलगा झाला सांगावं तशा सुरात.
बाहेर आलो आणि आधी काय शोधलं,
तर बाणाची पाटी.

मग हॉस्पिटलनंच धाडलं नेस्तकडे.
लोकरीच्या दुकानावरची खोली, जिना अरुंद.
(विचारून घेतलं: खाली आहे, डावीकडे.)
मला वाटलेलं, साखळीचं घड्याळ हलवील,
डोळे रोखील, मी कोंबड्यासारखा आरवेन.
तिच्या मनगटावरसुद्धा घड्याळ नव्हतं.
किती वाजले, तिनंच मला विचारलं.

म्हणाली, झोपवणार नाही.
गाडी चालवताना कधी असं होतं का,
की पुलापर्यंत येता
आणि मागची तीन वळणं आठवतच नाहीत?
होतं, म्हटलं. कंपनीला सांगू नका.
तेवढंच, म्हणाली. तिथंच जायचंय.
वळणं नीट घेतली होती ना तुम्ही?

डोळे मिटले. हात पोटावर.
खाली कचऱ्याची गाडी मागे येत होती, पीं पीं,
छपरावर समुद्रपक्षी भांडत होते,
सगळं ऐकू येत होतं, फक्त
त्याचं माझ्याकडे काही काम नव्हतं.
कुठली नदी ओळखीची?
टैवी, म्हटलं.
मग टैवीच. दगडाला वळसा घालून जाते तशी जाऊ दे,
धावणं नाही, अडून बसणं नाही,
हाताखाली ऊब, उबेखाली पाणी.

खुळेपणा वाटला, खोटं कशाला बोलू.
दुसऱ्या आठवड्यात फरक नाही,
तिसऱ्यात जास्तच बिघडलं.
घरी ऐकायला दिलेलं तिचं रेकॉर्डिंग मी सोडून दिलं.
बायकोनं ऐकलं. तिला मस्त झोप लागली.

पाचव्या खेपेला नेस्त म्हणाली,
तुमच्या बसमध्ये असा कुणी आहे,
जो थांबा यायच्या कितीतरी आधी बेल दाबत सुटतो?
आहे ना. म्हातारे हॅव्हार्ड. प्रत्येक वळणाला.
मग काय, उतरवून देता?
छे. म्हणतो, ऐकलं हॅव्हार्ड, बसा, येतोय थांबा.
ती काहीच बोलली नाही.
माझ्या हाताखाली काहीतरी हळूच टेकलं.

वडील गेले त्या दिवशीही मी दोन्ही फेऱ्या मारल्या होत्या.
लोक म्हणाले, सगळं पोटात ठेवलंस, गेथिन.
ठेवलं होतं खरं.

जानेवारीत चढावर मेंढ्या.
मागे बर्फ, पुढे मेंढ्या, चाळीस मिनिटं,
एकही थांबा जवळ नाही, कंपनीचा ना माझा.
आत बेल वाजली.
ऐकलं, म्हटलं.
परत वाजली.
ऐकलं म्हटलं ना, बसा. येतोय.
हॅव्हार्ड मागून ओरडले, अरे, मी कुठं दाबली!
सगळी बस हसली, मीही, पोट धरून,
आणि पोट धरलंय हे
नंतर लक्षात आलं.

बरा झालो असं म्हणत नाही.
कांदा जपूनच खातो,
सिनेमाला अजून कडेची खुर्ची.
पण परवा पंपावर पाव घ्यायला उतरलो
तर मालकीण म्हणाली,
डाव मागितला नाहीस बरेच दिवसांत,
रागावलास का?
तो खिळ्याला होता.
धूळ बसली होती त्यावर.