पाच बाटल्या

प्रमिला ओव्हाळ, स्त्री, एकसष्ट.
एवढं कागदावर बरोबर आहे.
त्याखाली एस.जी.पी.टी. अठ्ठ्याऐंशी, ठळक अक्षरात,
प्लेटलेट ब्याण्णव हजार,
अल्ब्युमिनपुढे खाली तोंड केलेला बाण.

रास्ता पेठेतल्या तपासणीत मुलगा म्हणाला,
मावशी, श्वास धरा.
बरगड्यांच्या फटीत गार जेल,
मग यंत्रानं टिचक्या मारल्या,
मंडईत आपण कलिंगडाला मारतो तशा.
"चौदा. कडक झालंय."
काळीज म्हणजे हेच ना रे?
"यकृत," तो म्हणाला.
मटणाच्या दुकानात अजून काळीजच मागतात.
आणि वस्तीत सगळे म्हणायचे,
प्रमिलाचं काळीज मऊ.

नव्वद साली रेश्मा पोटात आडवी होती.
खडकीच्या दवाखान्यात माझं रक्त थांबेना.
दारूगोळा कारखान्याची दुसरी पाळी सुटली
आणि पाच जण सायकली दामटत आले,
बाह्या वर करूनच.
पाच बाटल्या.
पाचव्या बाटलीला रेश्मा रडली.

पाचातला कोण, हे कुठलाच कागद सांगत नाही.
त्यालाही ठाऊक नसणार.
पण लाझरसभाऊंच्या पोटात पाणी झालं, डोळे हळदीसारखे,
चौथ्या साली गेले,
आणि मयतीतच कुणी बोललं, घेत असणार.
तीस वर्षं दारू हाताळली त्यांनी,
कारखान्यातली, टोपलीनं.
दुसरी कधी ओठाला लावली नाही.

बारा आठवडे रोज एक गोळी.
आता विषाणू सापडत नाही.
एस.जी.पी.टी. सव्वीस, प्लेटलेट लाखावर,
काळीज अकरा.
तेवढं राहील, डॉक्टर म्हणाल्या, सहा महिन्यांनी या.

फाइल घेऊन बोपोडीला गेले.
मार्थावहिनी मेथी निवडत होत्या.
म्हटलं, वहिनी, मला खात्री नाही,
पण असाही एक आजार असतो,
रक्तातून येतो, वीस वर्षं गप्प बसतो,
दारू लागत नाही त्याला.

त्यांनी फाइल उघडलीच नाही.
उठल्या. दार सताड उघडलं,
समोरच्या जाऊबाईंच्या ओट्याकडे बघत म्हणाल्या,
"आता परत सांग.
मोठ्यानं सांग."