निरंक

पहिल्या आठवड्यात भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवले,
तेही उधारीवर, पोल्ट्रीवाल्या लॅम्बर्टकडून.
खाली ह्यूगिलचं गालिच्यांचं दुकान, वर आम्ही.
जिन्यात लोकरीचा आणि डिंकाचा वास.
गावाच्या पाण्याच्या टाकीवर नॉर्मन थ्वेटने एक काठी उभी केली,
तिला तो अँटेना म्हणायचा.
दुसऱ्या टेकडीपलीकडे आमचा आवाज
चहात बिस्कीट पडावं तसा विरघळायचा.
पण स्कारवेत मात्र ऐकू जायचा. बंदरात, बेकरीत,
न्हाव्याकडे, आणि प्रेत नेणाऱ्या गाडीतसुद्धा
(जाताना नाही, परत येताना).

मी बोलणारी नव्हते. मी वेळ विकायचे.
तीस सेकंदांचा तुकडा: सकाळचा महाग,
दुपारी दोननंतरचा मातीमोल.
गावात अजून मला आयरिस म्हणत नाहीत,
रेडिओची बिलवाली म्हणतात.

ब्रेंडा सहाला भरतीची वेळ सांगायची,
मग बंद शाळा, मग हरवलेली कुत्री.
एक कुत्रं तर आमच्याच खाली सापडलं,
गालिच्यांच्या थप्पीवर घोरत.
ह्यूगिल म्हणाला, याचं भाडं कोण देणार?

ह्यूगिल तसाच. दर बिलावर घासाघीस,
दर पैशावर तीन महिन्यांची टोलवाटोलवी.
जाहिरातीत अ‍ॅकॉर्डियन त्याच्या मेहुणीचं, फुकटातलं,
सुराची आणि तिची ओळख नसलेलं.
अख्ख्या गावाला पाठ होतं ते. मला अजून आहे.

नॉर्मनने एक पेटी बसवली होती.
वीस सेकंद शांतता झाली
की पेटीला वाटायचं, आम्ही मेलो.
लगेच आपोआप कॅसेट सुरू, बँडची, भलती खुशीतली.
ब्रेंडाला खोकल्याची उबळ आली की बँड.
एकदा ती रडली, का ते तिने सांगितलं नाही,
तेव्हाही बँड.

मग त्या नोव्हेंबरात मार्जरी जे परतली नाही.
पाच माणसं. त्यातला डेनी
शनिवारी आमच्याकडे रेकॉर्डी पुसायला यायचा.
शुक्रवारी अकरा वाजता एक मिनिट शांतता, असं ठरलं.
पण ते मिनिट विकलेलं होतं.
ह्यूगिल, दोन जाहिराती, आगाऊ आरक्षण.

मी खाली गेले. तो गालिचा मापत होता,
तोंडात खडू. मान वर न करता म्हणाला,
बिल लाव. दोन्हींचं. आवाज नको.

नॉर्मनने पेटीची वायर उपटली
आणि मिनिटभर मुठीत धरून उभा राहिला.
माईक उघडाच होता. एक समुद्रपक्षी ओरडला.
खाली ह्यूगिलची कात्री
थांबलेली ऐकू आली मला. म्हणजे काय,
ते मला लिहिता येत नाही.

वहीत लिहिलं:
ह्यूगिल कार्पेट्स. तीस सेकंद गुणिले दोन.
दर: पूर्ण. मजकूर: निरंक.

पुढचं तुम्हाला ठाऊकच असेल.
एका कंपनीने घेतलं, तिला दुसरीने गिळलं.
नाव तीनदा बदललं, काठी तीच.
ब्रेंडाला केक मिळाला आणि भिंतीवरचं घड्याळ.
आता दोनशे मैलांवरून एक तरतरीत मुलगा
स्कारवेला स्कारवी म्हणतो.
शाळेचं छप्पर उडालं त्या सकाळी
तो म्हणाला, किनाऱ्यावर झुळूक राहील.

पेटी नॉर्मनने घरी नेली,
स्वयंपाकघरातल्या रेडिओला जोडून ठेवली आहे.
इतक्या वर्षांत एकदाही बँड वाजला नाही, म्हणतो.
तिकडे वीस सेकंद गप्प बसायला
कोणी नाहीच ना.

वही माझ्याकडे आहे.
बऱ्याच जणांचं येणं अजून बाकी आहे,
दुकानं गेली, माणसं गेली, आकडे तसेच.
ते एक बिल मात्र ह्यूगिलने दुसऱ्याच दिवशी भरलं,
सुट्ट्या नाण्यांत,
आणि पावती मागितली नाही.